कानापासून हातापर्यंत विनाथांबा

...अन् वरून मलाच सांगायलाव, "उत्तरेश्वरराव, हळू बोला, डोक्याला ताण देऊ नका!" आवो, कावून देऊ नको? माझं डोकं हाय, मी ताणीन न्हाईतर सैल सोडीन, तुमच्या बापाचं काय जातंय? डोकं ठीक हाय माझं, कागद हाय माझ्यापाशी! सही-शिक्क्याचा! हितं येवढे जण बसलाव, हाय का कुणापाशी आसा कागद, की बाबा ह्या माणसाचं डोकं ठीक हाय म्हून? काढा की! न्हाई ना? म्हंजी पुराव्यानिशी शाणा ह्या झाडाखाली मी येकलाच हाय, बाकीचे तुमी सगळे नुसते अंदाजानं शाणे! हासू नका... बसा, बसा. घागरी लागल्यात लायनीला, टँकर काय दुपारच्या आत येत न्हाई. ऐका.

तर आमची दूध सोसायटी. तेलगावच्या अलीकडं पाच वस्त्या मिळून येक सोसायटी, अकरा संचालक, त्यातला मी आमच्या वस्तीचा. किती सालापासून? बावीस! बावीस साल इमानदारीत बैठकीला गेलो, येक खाडा न्हाई. पण यंदा पाऊस न्हाई, चारा न्हाई, दूध कुटून यील? तर सोसायटीनं जनावरांची छावणी चालवायला घेतली, अन् ती बसली आमच्या वस्तीच्या माळावर. दोनशे जनावरं! सोसायटीनं चारा द्यायचा, बाया-माणसांनी शेणपाणी करायचं, घरापासून धा पावलावर. त्यातच आमची चंद्री. चंद्री म्हंजी म्हैस. म्हैस माझी न्हाई, तुमच्या वैनीची, छबुबाईची. माहेरावरून आलेल्या म्हशीची ती नात. तिच्यासमोर मी आजून पावना हाय त्या घरात.

आता आमच्या सोसायटीचा येक जुना नियम हाय. छावणीची जागा बदलायची आसंल तर ज्या वस्तीवर छावणी हाय त्या वस्तीच्या संचालकाचा हात वर जायला पायजे. बाकीच्या धाजणांनी दोन्ही हात वर केले तरी चालत न्हाई, त्याचा येक हात पायजे. म्हंजी कोणाचा? माझा! ध्यानात ठिवा ह्ये.

तर झालं काय, त्या दिवशी बैठक. दुपारचे दोन. वर पत्रा, बाहीर ऊन आसं की कुत्रं सुदीक सावली बदलाया उठंना. पोटात भाकरी. अन् आमचा सचिव बंकट ठराव वाचायला उभा. बंकट वाचतो कसा म्हाईताय का? शाळंत पाढे म्हणल्यासारखा. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणेऽऽ... बाब क्रमांक दोन, मयत सभासदांचे शेअर्स वारसांचे नावे करणेऽऽ..." त्या 'णेऽऽ'वर त्यो जो लांबतो ना, तुमाला सांगतो, नुकतं जल्मलेलं लेकरू मांडीवर घिऊन बसावं अन् बंकटला वाचाया लावावं, लेकरू दोन दिस उठायचं न्हाई! अन् वाचून झालं की ती जाडजूड ठरावाची वही मिटतो... फट्! अन् म्हणतो, "मंजूर." की चहा येतो. बावीस साल आसंच चाललंय. णेऽऽ, णेऽऽ, फट्, मंजूर, चहा.

तर चहा घिऊन मी बाहीर आलो, मिशा पुसल्या, अन् समोरून गहिनीनाथ आला. गहिनीनाथ म्हंजी शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त, त्याचे दोन बैल अन् येक गाय छावणीत. त्यो आला ती थेट गळपटीलाच हात! "बे उत्तऱ्या! तू हात वर केलास?"

म्हणलं, "कोणता हात?"

"छावणी आपल्या माळावरून हालवून दिंद्रुडच्या रस्त्याला न्यायची म्हून ठराव झाला, अन् तू हात वर केलास! खिडकीतून म्या सोता बगितलं!"

दिंद्रुडचा रस्ता? साडेचार कोस! बायांनी तितं रोज जायचं कवा, शेण काढायचं कवा, घरी यायचं कवा? मी म्हणलं, "मी? मी कशाला करीन हात वर? गहिन्या, तुझ्या गळ्याशपथ, असा ठरावच झाला न्हाई." तर त्यो मला ओढत आत घिऊन गेला, बंकटनं वही उघडली, अन् तितं लिवलेलं... 'संबंधित वस्तीचे संचालक श्री. उत्तरेश्वर यांच्या संमतीने, सर्वानुमते मंजूर.' मी तितं होतो, डोळे उघडे होते, हात माझाच, अन् मला काही म्हणून काही आठवंना!

मंग गहिनीनाथ काय म्हणला म्हाईताय का? त्यो सगळ्या वस्तीसमोर म्हणला, "दोनच गोष्टी असू शकत्यात. येक तर तुझं डोकं बिगडलंय, न्हाईतर तू चेअरमनला फितूर झालायस. बोल, कोणतं?"

आता सांगा, काय बोलावं? फितूर म्हणलं तर इज्जत गेली. डोकं बिगडलं म्हणलं तर... आवो, माझ्या सख्ख्या मामाला मिरगी होती. आसाच बसल्या-बसल्या टक लावायचा, हाक मारली तर वो द्यायचा न्हाई. ती सगळ्यांला म्हाईत. म्हाताऱ्या सरस्वतीबाईनं लगीच निकाल दिला, "मामाचं भाच्यात उतरलंय!" अन् कुणीतरी आपली पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला! हुंग, हुंग! आरं मी नीट उभा हाय, बोलतोय, मला कावून हुंगवायलाव? "न्हाई, हुंगलेलं बरं आसतं." येकाची झाली की दुसऱ्याची! सात चपला हुंगल्या मी त्या दिवशी! त्यातली येक शेणाची. आज मी म्हणतो डोकं ठीक हाय माझं, कागद हाय माझ्यापाशी, पण त्या दिवशी कागद नव्हता ना... चपलाच होत्या.

अन् तुमची वैनी. मला वाटलं भांडंल, म्हैस-म्हैस करंल. ती चुलीपाशी बसली अन् नुसतं म्हणली, "म्हैस ऱ्हाऊ द्या. तुमाला काही झालं तर मी काय करू?" अन् पदर डोळ्याला. बत्तीस साल झाले लग्नाला, तिला आशी रडताना मी दोनदा बगितलं. मला तवा खरंच भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंग बंकट म्हणला, "दादा, तुमी दवाखान्याचा दाखला आणा. हात वर करताना तुमी शुद्धीत नव्हता आसं लेखी आसंल तर नियमात बसतं, इशेष बैठक लावतो, ठराव फिरवता यील. पण येत्या महिन्याच्या पैल्या तारखेला छावणी हालणार, त्याच्या आत." म्हंजी हातात तीन आठवडे! दाखला आणला न्हाई, तर दोनशे जनावरं निघाली साडेचार कोस, अन् मी फितूर ते फितूरच.

तर गेलतो बीडला. तितं मेंदूच्या दवाखान्यात येक डॉक्टरीण हायेत, हाफिजा मॅडम. पोरीच्या वयाच्या, पण काय बोलणं! कुणी ऐकून घेत न्हाई तसं ऐकून घेतलं. चपलांचं सांगितलं तर म्हणल्या, "काका, चप्पल हुंगून काही होत नाही. मेंदूचा आलेख काढू." अन् म्हणल्या त्यांचा येक मोठा अभ्यास बी चालू हाय. कसला? तर मेंदूतल्या कोणत्या जागेचं कोणत्या जागेशी किती बोलणं हाय, ती मोजायचं! म्हणलं, मेंदूत बोलणं? तर म्हणल्या, "असं समजा काका, मेंदूत वस्त्या आहेत. ही कानाची वस्ती, ही बघण्याची, ही हात हलवण्याची, आणि इथं कपाळामागं विचाराची. प्रत्येक वस्तीतून बारीक-बारीक विजेच्या लाटा निघतात. आपण डोक्यावर एकवीस बटणं चिकटवतो आणि बघतो, कोणत्या वस्तीची लाट कोणत्या वस्तीच्या लाटेशी जुळते. जुळली तर त्यांचं बोलणं आहे." आयला! म्हणलं आमच्या पाच वस्त्यांचं बोलणं कोणी मोजलं न्हाई आजून, अन् ह्या कवटीच्या आतल्या वस्त्यांचं मोजायल्यात!

मला कागद दिला. त्यावर लिवलेलं : डोकं धुवून येणे, तेल लावू नये, आदल्या रात्री चार तासच झोपावे. मी कागद छबुबाईला वाचून दावला. तिनं काय केलं? सकाळी निघताना वाटीभर खोबऱ्याचं तेल माझ्या टाळूवर जिरवलं! म्हणलं, "आगं, तेल नको लिवलंय!" तर म्हणती, "येवढ्या मोठ्या डॉक्टरणीपुढं भुसकट डोक्यानं जाता का? माझी लाज काढायला? अन् धुवायचं म्हणताव, टँकर आठ दिसाला यायलाय, धुवू कशानं, थुकीनं?" भांग पाडून, टोपी घालून पाठवलं मला.

तितं येक कय्युमभाई म्हून हायेत, बटणं चिकटवणारे. त्यांनी टोपी काढली अन् म्हणले, "या अल्ला! चाचा, ये क्या तळणीतून काढून आणलं का डोकं?" बटण लावलं की सटकायचं. लावलं की सटकायचं. ती चिकटवायची जी पांढरी लई, खळच म्हणा, असती, खारट-खारट वासाची, ती त्यांनी थापली, आजून थापली, डब्बा रिकामा केला! कानावरनं ओघळ मानंत! अर्धा तास आलेख काढला. अन् हाफिजा मॅडमनी त्यो बगितला अन् त्यांचं तोंड उतरलं...

म्हणल्या, "काका, असं कधी दिसत नाही. सगळ्या वस्त्या सगळ्यांशी एकाच वेळी बोलतायत. कानाची, डोळ्याची, हाताची, लाट सगळीकडं एकसारखी."

तुमाला सांगतो, मामा दिसाया लागला डोळ्यासमोर. येकदा वाटलं, ठीक हाय, आजार तर आजार, निदान फितूर तर न्हाई म्हणत्याल. मंग वाटलं, आरं पण छबुबाई? अन् आसा मी बसलेला, तर मॅडम उठल्या, माझ्या डोक्याला बोट लावलं, बोट बगितलं अन् म्हणल्या, "काका, तेल लावलंय का?"

म्हणलं, "जरासंच."

"किती?"

"वाटीभर."

त्यांनी कपाळाला हात लावला, अन् त्यो तेलकट हात कपाळाला चिकटला! मंग समजावून सांगितलं. तेलावर लई घसरली, सगळ्या बटणांखालची येक झाली, म्हून सगळीकडं येकच लाट दिसायली. मला लगीच कळलं! म्हणलं, "मॅडम, म्हंजी दोन वाफ्यांमधला बांध फुटला की दोन्हीत पाणी सारखंच दिसतं. आता दिसतं सारखं म्हून काय वाफ्यांनी येकमेकांला इचारलंय व्हय?" मॅडम आशा खूश झाल्या! म्हणल्या, "अगदी हेच काका! सोबत हलतंय म्हणजे एकमेकांशी बोलतंय, असं नसतं. मोठमोठे लोक इथंच फसतात." मी म्हणलं पाण्याचं आमाला शिकवू नका, आमच्याकडं न्हाईच म्हून त्याचा आभ्यास लई. त्या म्हणल्या, "आठ दिवसांनी या, डोकं स्वच्छ धुवून."

धुवून! बोलायला काय जातंय? आधी ती लई डोक्यावर, तीच कशी निघायची? एष्टीत बसलो, ती वाळत चालली अन् केसं उभे, काटेसावरीवानी. कंडक्टर तिकीट द्यायला आला, माझ्याकडं बगितलं, अन् मागच्या मागं गेला! वडवणी येस्तोवर माझ्या शेजारची शीट रिकामी. उतरलो ती थेट छावणीत गेलो, छबुबाई तितं शेण काढायली होती. मी चंद्रीपाशी खाली बसलो, म्हणलं दम घ्यावा... अन् मागून काय तरी खरबरीत, वलं, घासत गेलं! चंद्री! आवो, ती डोक्यावरची लई खारट असती ना, अन् जनावराला मिठाची किती वड, तीन महिने छावणीतला कोरडा चारा खाऊन तर आजूनच! तिनं मला असा चाटला, असा चाटला, की मी उठू म्हणलं तर शिंगानं खाली दाबायली! पाच मिन्टात डोकं लखलखीत! तेल गेलं, लई गेली, बावीस सालाचा कोंडा गेला! अन् ती बगून छबुबाई हासली. आठ दिसांनी पैल्यांदा हासली. म्हणली, "बरं झालं, घागर वाचली."

पण दवाखान्यात म्हशीनं चाटलेलं डोकं कसं न्यायचं? मॅडम म्हणल्या होत्या धुवून. अन् आठव्या दिवशी टँकर आला. आमच्या वाट्याला चार घागरी. आता चार घागरीत आठ दिस काढायचे, पिणं, स्वयंपाक, सगळं. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे, तांब्याभर पाण्यानं पुसून घेतो. तुमच्या वैनीनं शांपूची पुडी दातानं फाडली, मला दगडावर बसवलं, अन् येक आख्खी घागर माझ्या डोक्यावर वतली. आख्खी! आजूबाजूच्या बाया उभं राहून बगायल्यात, रुक्मिणीबाई तर म्हणली बी, "आगं, येड लागलं का तुला, डोक्यावर घागर?" तर म्हणती कशी, "नवऱ्याचं हाय डोकं. भांडं नव्हं, राखंनं घासायला." खाली घमेलं लावलेलं, ती पाणी लिंबोणीला घातलं. अन् नंतर कळलं मला, चार दिस तिनं आपली आंघोळच केली न्हाई, नुसतं तोंड पुसायची. मला बोलली न्हाई. डोकं ठीक हाय माझं, कागद हाय माझ्यापाशी, पण त्या कागदाला येक घागर लागली, ती कुठं लिवलेलं न्हाई त्यावर.

तर गेलो दुसऱ्यांदा. रात्री चार तासच झोपलेला, त्यात एष्टीचे धक्के. कय्युमभाईनं डोकं बगितलं अन् म्हणले, "माशाल्ला चाचा, क्या बात हाय!" येकवीस बटणं टकाटक बसली. गार खोली, गादी, पंखा हळूहळू फिरायलेला, मशीनचा आवाज आपला घुंऽऽ... घुंऽऽ... कय्युमभाई म्हणले, "चाचा, मुंडी हालवू नका, डोळे उघडे ठेवा." म्हणलं ठेवले. ठेवले ना! बाजूच्या टेबलाला बसून कय्युमभाई आपली पेशंटची नोंदवही वाचून भरायले, "नावऽऽ... वयऽऽ... तालुकाऽऽ..." अन् पुढचं मला काय म्हाईत न्हाई. पुढचं मी त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो.

कय्युमभाईचं लिवणं झालं. त्यांनी वही मिटली. फट्!

अन् माझा उजवा हात वर.

वायरीसकट! बटणं ताणली, मशीन किंचाळली, कय्युमभाई खुर्चीवरून पडता पडता वाचले! "चाचा! काय झालं? पाणी पायजे का?" मी म्हणलं, "कोणाला? कशाला?" "तुमी हात वर केला!" म्हणलं, "कोणता हात?" अन् ती बोललो, अन् माझं मलाच आठवलं, गहिनीनाथला बी मी ह्येच म्हणलो होतो...

मॅडम धावत आल्या. आलेख मागं नेला. बगितलं, परत बगितलं. मला म्हणल्या, "काका, पुन्हा पडा. घाबरू नका." मी पडलो. दोन मिन्टांत परत... त्यांनी सोता वही मिटली. फट्! हात वर! तिसऱ्यांदा. फट्! हात वर! आजूबाजूच्या खोलीतल्या नर्सा आल्या बगायला. येक म्हणली, "मी मिटू का मॅडम एकदा?" सर्कस केली माझी! अन् मी आपला झोपलेला, डोळे उघडे.

मंग मॅडमनी खुर्ची ओढली. हासू दाबायल्या होत्या पण दबंना. म्हणल्या, "काका, तुम्ही कुठल्या संस्थेत आहात का?"

म्हणलं, "दूध सोसायटी. संचालक. बावीस साल."

"मग बरोबर." अन् पडद्यावर दावलं मला. "हे बघा. तुम्ही झोपलेले आहात. डोळे उघडे ठेवून गाढ झोप. बघण्याची वस्ती बंद. विचाराची वस्ती बंद, कडी लावून. पण वही मिटली की कानाची वस्ती जागी होते आणि ती थेट हाताच्या वस्तीशी बोलते. इतकी पक्की जोडणी मी आजवर पाहिली नाही. बावीस वर्षांची सवय आहे ती."

मी म्हणलं, "म्हंजी कानापासून हातापर्यंत विनाथांबा गाडी?"

"हो."

"अन् मधी इचाराचा थांबा?"

"घेतच नाही काका."

"अन् मिरगी?"

"नाही."

"मामाचं?"

"काही नाही. मेंदू एकदम ठणठणीत आहे. झोप झाली की बैठकीला जात जा, एवढंच."

तुमाला सांगतो... मी त्या बाकड्यावर बसलो अन् रडलो. गडी माणूस, मिशा पांढऱ्या, चारचौघात रडलो. कय्युमभाईनं चहा आणला. अन् सगळ्यात पैलं फोन कुणाला? छबुबाईला. म्हणलं, "आगं, काही न्हाई झालं! झोपलो होतो!" मंग म्हणती, "बत्तीस साल मी ह्येच सांगायले, तर माझं ऐकलं न्हाई. येकवीस बटणं लावून ऐकलं."

अन् मॅडमनी जो दाखला दिला... थांबा, वाचूनच दावतो, खिशातच असतो. हां. 'सदर गृहस्थांचा मेंदू निरोगी आहे. झोपेत असताना वही मिटल्याचा आवाज ऐकून त्यांचा उजवा हात आपोआप वर जातो. सदर क्रियेत विचाराचा कोणताही सहभाग आढळून आला नाही.' खाली सही, शिक्का. डोकं ठीक हाय माझं, कागद हाय! मी त्यो कागद वस्तीवर मोठ्यानं वाचला. गहिनीनाथ ऐकत होता. दोन येळा वाचाया लावला त्यानं. मंग जवळ आला, गळ्यात पडला अन् म्हणला, "बे उत्तऱ्या, फितूर न्हाईस तू. नुसता बैल हायेस." बरं वाटलं बगा. दोस्तानं बैल म्हणावं अन् आपल्याला बरं वाटावं, आसे दिस आले होते.

मंग लागली इशेष बैठक. येकच विषय. मी ठरवूनच गेलो, आज पापणी सुदीक हालवायची न्हाई. दोन हिरव्या मिरच्या खिशात, झोप आली की चावायची. छबुबाई, गहिनीनाथ, सगळी वस्ती खिडकीला. दुपारचे दोन. वर पत्रा. बंकट उभा ऱ्हायला. "विषय क्रमांक एक. जनावरांची छावणी आहे त्याच जागी कायम ठेवणेऽऽ... तत्पूर्वी संबंधित संचालकांचा वैद्यकीय दाखला वाचून नोंद घेणेऽऽ..."

म्या मिरची चावली. डोळ्याला पाणी आलं, पण जागा! टक्क जागा! अन् बावीस सालात पैल्यांदा, तुमाला सांगतो, पैल्यांदा मी त्या खोलीत नजर फिरवली. चेअरमन, डोळे उघडे. व्हाईस चेअरमन, डोळे उघडे. आप्पा, मोहनराव, सगळे ताठ, डोळे उघडे. पण माशी! चेअरमनच्या नाकावर माशी बसलेली, हिकडून तिकडं चालायली, मिशीत उतरली, परत वर चढली... अन् चेअरमन हालंना! मी मोहनरावच्या डोळ्यासमोर हात फिरवला. काही न्हाई! आप्पाच्या हनुवटीवरून लाळ! म्हणलं आयला... म्हंजी... म्हंजी छावणी तिकडं न्यायचा इचार नेमका कुणी केला होता? आवो, कोणीच न्हाई! बंकटच्या कागदात कुटून तरी आला, अन् त्यो 'णेऽऽ' म्हणला! मॅडमचं बोलणं आठवलं, सोबत हालतंय म्हून बोलतंय आसं नसतं काका. मी तोंडाला हात लावून नुसता बगतच ऱ्हायलो...

अन् बंकटनं वही मिटली. फट्!

धा हात येका दमात वर! काय ती शिस्त! काय ती एकी! खिडकीतून टाळ्या! वाचली छावणी, वाचली चंद्री, साडेचार कोस वाचले! अन् माझ्या डोळ्यातून पाणी, मिरचीचं का आनंदाचं, मलाच कळंना...

तर बंकट चष्म्यावरून माझ्याकडं बगायला लागला. सगळी खोली जागी होऊन माझ्याकडं बगायला लागली. चेअरमननी नाकावरची माशी हाकलली अन् ते बी बगायला लागले. कावून? तर धाचे धा हात वर, अन् ज्याच्यासाठी बैठक, ज्याचा हात नियमानं पायजे, त्या येकट्याचा हात खाली!

अन् बंकट काय म्हणावं?

"उत्तरेश्वरदादा... झोप लागली का?"

समदे खो-खो हासले! तीच धाजणं, आत्ता उठलेली! मी कागद काढायला खिशात हात घातला, मंग म्हणलं, जाऊ दे. खिडकीत छबुबाई उभी होती, चंद्रीचं दावं हातात घिऊन. मी दोन्ही हात वर केले अन् म्हणलं, "हो बाबा, लागली होती. मंजूर."